ताटं किती धरायची?

कायद्याला लग्नासाठी तीन साक्षीदार पुरतात. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात तसं स्वच्छ लिहिलंय. वर, वधू, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार, झाली सहा माणसं. अख्खं लग्न एका सहा आसनी रिक्षात बसून मंडईपर्यंत जाऊन येऊ शकतं. हे वाचलं तेव्हा, ज्यानं कुणी हा कायदा लिहिला त्याच्या घरात एकही आत्या नसणार, अशी माझी खात्री पटली.

आम्ही दोघं तिशी ओलांडलेले. दोघंही नोकरीवाले, आणि दोघांचंही घराच्या डाऊन पेमेंटसाठी पैसे साठवणं चाललेलं. लग्नाचा खर्च माझ्या बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडातून किंवा त्याच्या आप्पांच्या उसाच्या बिलातून काढायचा नाही, आपला आपण करायचा, निम्मा-निम्मा आणि बेताचा, एवढं पक्कं ठरलं होतं. त्यानं एक्सेलची शीट उघडली. पहिली ओळ ‘नोंदणी’, दुसरी ‘हार (2)’, तिसरी ‘जेवण’. खालची बेरीज इतकी देखणी आली की ती शीट आम्ही अजून जपून ठेवली आहे. नंतरच्या शीट्सची नावं अनुक्रमे ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नक्की’ आणि ‘आप्पांशी बोलून’ अशी आहेत.

तीनच साक्षीदार लागतात, असं मी घरी जाहीर केलं. आजीनं शांतपणे विचारलं, “कुठले तीन?” प्रश्न रास्त होता. मला नुसत्या आत्याच चार आहेत.

मग मी सुनीताबाई देशपांड्यांचा दाखला काढला. 12 जून 1946 ला रत्नागिरीत पुलंशी त्यांचं लग्न नोंदणी पद्धतीनं झालं, छापील फॉर्मला आठ आणे पडले आणि ते आठ आणेही त्यांनीच दिले, असं त्यांनी ‘आहे मनोहर तरी’त नोंदवून ठेवलंय. साधं लग्न करू पाहणारी मराठी मुलं हा दाखला शेवटचं अस्त्र म्हणून राखून ठेवतात. पण आजीनं ते पुस्तक माझ्या आधी वाचलेलं होतं.

“त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं,” ती म्हणाली. “तू लिहिणारेस का? नाही ना? मग चार माणसांना जेवायला बोलाव. तुझं लग्न झालं हे कुणाच्या तरी लक्षात राहायला नको का?”

नोंदणी मात्र आम्ही केलीच. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती तिथल्या फलकावर लागते, 30 दिवसांत कुणाला आक्षेप घ्यायचा असला तर त्यानं घ्यावा, असा रिवाज आहे. बाबा ती नोटीस बघायला मुद्दाम गेले, फलकाचा फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, ‘आपले आशीर्वाद असावेत’. म्हणजे आमची पहिली लग्नपत्रिका सरकारनं लावली. छपाई फुकट, आणि आक्षेप मागवण्याची सोयही आतच. तिकडे एकही आक्षेप आला नाही. कायद्याला वधूवरांचं वय, आधीचं लग्न, रक्ताचं नातं असल्या गोष्टींत रस. जिलबी की श्रीखंड हा वाद त्याच्या कक्षेत येत नाही. तो आमच्या दिवाणखान्यात चालला होता.

आता मुख्य प्रश्न. कुठल्याही आचाऱ्याकडे जा, बसा म्हणायच्या आधी तो विचारतो, “ताटं किती धरायची?” साधं ताट म्हणजे मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, अळूची भाजी, कोशिंबीर, पंचामृत, मठ्ठा आणि एक गोड. त्याचा दर ऐकून आपण मनातल्या मनात गुणाकार करायला घेतो, आणि गुणायचं कशानं तेच ठाऊक नसतं. म्हणून मी सांगलीकडे फोन लावला.

“आप्पा, तुमच्याकडची माणसं साधारण किती?”

“माणसं कशाला मोजायची? उंबरं सांगतो की.”

मग आप्पांनी मला जे समजावून सांगितलं ते कुठल्याही व्यवस्थापनशास्त्रात शिकवत नसतील. गावात आमंत्रण माणसाला नसतं, उंबऱ्याला असतं, आणि ते दोन जातीचं असतं. एक ‘घरटी एक’, म्हणजे त्या घरातून एक माणूस येणार. दुसरं ‘चूलबंद’. त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. काठी टेकत येणाऱ्या म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे मांडवात. भावकीला चूलबंद, हे विचारायचंही काम नाही. जावयांना घरटी एक सांगणं म्हणजे न बोलावण्याची सभ्य रीत. आणि शेजारच्या वस्तीवरच्यांनी आप्पांना त्यांच्या मुलीच्या लग्नात चूलबंद सांगितलं होतं, त्यामुळे तिथे आता माघार नाही. त्यानं निमूटपणे शीटमध्ये नवा रकाना घातला आणि त्याला नाव दिलं, ‘चूलबंद गुणक’. साडेपाच धरला. आप्पा म्हणाले, सहा धर, सुट्टीची पोरं असत्यात.

पुण्याकडची मंडळी मोजून येणारी. काहींनी तर ‘आम्ही फक्त अक्षतांना येऊ, जेवायला थांबणार नाही’ असं आधीच कळवलं. आईनं पहिल्यांदा त्यांची ताटं धरली.

मला राहूनराहून 2021 चा एप्रिल आठवत होता. तेव्हा कोरोनामुळे ‘ब्रेक द चेन’चा आदेश निघाला: लग्नाला 25 माणसं, दोन तासांत सगळं उरकायचं, मोडलं तर 50 हजार दंड. माझ्या चुलतभावाचं लग्न त्यात झालं. किती वाईट दिवस होते ते. त्यांची कुणी हौस करू नये. पण यादी खुद्द सरकारनं केलेली असल्यामुळे कुणी कुणावर रुसलं नाही, हेही खरं. थोरल्या आत्याच्या मते मात्र ते लग्न अजून व्हायचंय. त्याला दोन मुलं आहेत.

नवऱ्याच्या घरी एक चुलत आजोबा आहेत, पंच्याऐंशीच्या पुढचे, पक्के सत्यशोधकी. आम्ही साधं लग्न करणार म्हणून ते एकटे खूश झाले. पंचविशीतल्या उत्साहानं त्यांनी मला सांगितलं, की 25 डिसेंबर 1873 ला सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, सीताराम आल्हाट आणि राधा यांचं, सत्यशोधक समाज स्थापन होऊन जेमतेम तीन महिने झाले असताना. भटजी नाही, हुंडा नाही. जोतीरावांनी मंगलाष्टकंसुद्धा नवी लिहिली. त्यात वधू गप्प उभी राहत नाही, बाईच्या हक्कांचं काय ते आधी बोल, असं नवऱ्याकडून वदवून घेते. मी भारावून गेले. मला वाटलं, घरात अखेर आपल्या बाजूचा एक माणूस मिळाला. विचारलं, “आजोबा, तुमचंही लग्न असंच झालं ना? मग खर्च अगदी थोडा आला असेल.”

“भटजीचा न्हाई आला,” आजोबा म्हणाले. “जेवायला गाव होतं.”

तेव्हा कुठे मला आमच्या शीटचं मर्म कळलं. त्यातली कुठलीही ओळ खोडायला जावं, तर खालून एक माणूस निघायचा. ‘पिवळी साडी’ खोडली, तर खाली मामा. अष्टपुत्री मामानं आणायची असते, आणि माझ्या मामानं ती मी दहावीत असल्यापासून मनात धरलेली. ‘फेटे’ खोडले, तर गावाकडचा एक म्हातारा, ज्यानं आप्पांच्या लग्नात आप्पांना फेटा बांधला होता आणि जो आता नातवाला घेऊन पुण्यापर्यंत येणार होता. ‘रुखवत’ मी पहिल्याच दिवशी खोडलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं, काकूनं साखरपुड्याच्या संध्याकाळीच कुरडयांचं तुळशीवृंदावन सुरू केलंय. रुखवताचा खर्च शून्य, हे मान्य. पण ते कोथरूडहून कार्यालयात न्यायला टेम्पो लागला, आणि टेम्पोत ते धरून बसायला दोन बायका.

मानपानाच्या बाबतीत मात्र एक गंमत सापडली. टॉवेल-टोपी द्यावीच लागेल, असं आप्पा म्हणाले तेव्हा मी नवा आकडा मांडायला घेतला. आप्पांनी थांबवलं आणि लोखंडी कपाट उघडलं. आत टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे. गेल्या वीस वर्षांच्या लग्नांत मिळालेले. ती टोपी कुणी घालत नाही, त्या टॉवेलानं कुणी अंग पुसत नाही. नोटेसारखा तो एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहतो. काही टॉवेल तर मूळ घरी परत आलेले होते. आप्पांनी ते वेगळे ठेवले होते, ज्याचा त्याला जाऊ नये म्हणून.

त्याहून स्वस्त मान म्हणजे पत्रिकेतलं नाव. माझ्या डोळ्यांपुढे चार ओळींची पत्रिका होती, मोबाइलवर पाठवायची. पण छापील पत्रिकेत एक नाव घातलं काय आणि साठ घातली काय, छापखाना पैसे तेवढेच घेतो. निमंत्रक, व्यवस्थापक, कार्यवाहक, समस्त भावकी, मग सगळ्यात खाली ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणणारी बालगोपाळ मंडळी. ज्यांना साडी किंवा शाल द्यायची ऐपत नव्हती, त्या सगळ्यांना आम्ही व्यवस्थापक केलं. फक्त अक्षरं बारीक झाली. बाबांना पत्रिका वाचायला चष्मा बदलावा लागला, तो खर्च शीटमध्ये धरलेला नाही. पहिली पत्रिका कसबा गणपतीला आणि एक सांगलीच्या गणपतीला ठेवली. एवढे दोनच पाहुणे असे, की ज्यांनी किती जण येणार ते न सांगता आम्हाला काळजीत टाकलं नाही.

कार्यालयांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सगळीकडे सारखंच. भाड्यावर 18 टक्के जीएसटी, वीज मीटरप्रमाणे, भांडी वेगळी, साफसफाई वेगळी, बाहेरचा आचारी चालणार नाही, आणि “बिल हवंय का?” असा अर्ध्या आवाजातला प्रश्न. लग्न हा शब्द ऐकला की दर चढतो, म्हणून मी एका सजावटवाल्याला फोनवर सांगून पाहिलं, की घरगुती कार्यक्रम आहे, थोडी फुलं आणि एक पडदा, बस्स. तो म्हणाला, “नवरी तुम्हीच का?”

खरी बचत बुधवारानं केली. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना मोकळीक मिळते, आणि त्या पहिल्या महिन्यातले शनिवार-रविवार वर्षभर आधीच गेलेले असतात. पंचांगातला मुहूर्त मात्र वार बघून येत नाही. बुधवारी कार्यालय बरंच स्वस्त, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बुधवारी कुणाला रजा मिळत नाही. आमच्या सगळ्या बजेटचा कणा इतरांचे साहेब होते.

पुण्याच्या बाजूनं तो कणा टिकला. सांगलीच्या बाजूला साहेब नव्हते, ऊस होता, आणि त्याची तोड अजून त्या बाजूला सरकलेली नव्हती. त्यामुळे ‘प्रासंगिक करार’ अशी पाटी लावलेल्या एसटीच्या गाड्या कार्यालयाच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा आत बसलेल्यांच्या बरोबरीनं उभे राहून आलेलेही उतरले. चूलबंद गुणक सहाच निघाला.

विधी कसे करायचे यावर घरात दोन तट होते: आजीला सप्तपदी हवी, चुलत आजोबांना भटजी नको. शेवटी ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीवर समेट झाला. पौरोहित्याला बाई, प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीतून, आणि सगळं आटोपशीर. आजीला मंत्र मिळाले. आजोबांना अर्थ मिळाला, आणि त्यांनी दोन ठिकाणी त्या बाईंना थांबवून शंकाही विचारल्या. बाईंनी न चिडता उत्तरं दिली. आजोबा नंतर म्हणाले, “बाई हुशार हाय, तिला आपल्यात घ्या.”

आटोपशीर हा शब्द मंगलाष्टकांपर्यंतच टिकला. धाकट्या आत्यानं स्वतः रचली होती. शार्दूलविक्रीडित, ओळीला 19 अक्षरं, आणि त्या 19 अक्षरांत आमच्या दोन्ही घरांतल्या सगळ्या हयात माणसांना बसवायचा तिचा निश्चय. वृत्तात न मावणाऱ्या दोन काकांची नावं तिनं बदलून घेतली. इकडे तांदूळ वाया जाऊ नयेत म्हणून मी अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या ठरवल्या होत्या. लग्नसराईत मार्केट यार्डात फुलांचे भाव काय असतात ते कळल्यावर पाकळ्या मोजक्याच आणल्या. त्या तिसऱ्या कडव्याला संपल्या. उरलेल्या पाच कडव्यांना लोकांनी काय टाकलं ते मला अंतरपाटामुळे दिसलं नाही. पण नंतर केसांतून बडीशेप निघाली.

सोनं आणि साडी यांत आम्हाला कष्ट पडले नाहीत. आईची येवल्याची पैठणी होती, तिच्यावर नवा ब्लाऊज शिवला. शिलाई ऐकून आई म्हणाली, एवढ्यात तेव्हा पैठणी आली असती. मंगळसूत्राची एक वाटी इकडची, एक तिकडची. आजीनं तिची एक तोळ्याची पाटली मोडायला दिली. आजीचा तोळा 11.66 ग्रॅमचा, सराफाचा 10 ग्रॅमचा, त्यामुळे पाटली दुकानात शिरताच आपोआप वजनदार झाली. सगळ्या लग्नात आमच्या बाजूनं गेलेला हिशेब बहुधा हा एकच.

राहता राहिली ताटं. आचारी म्हणेल तेवढी ताटं मान्य करायची नसतात, आपला एक माणूस ताटांच्या थप्पीपाशी उभा करायचा असतो, असं थोरल्या पिढीचं मत. त्या जागी मावशीच्या यजमानांची नेमणूक झाली. बँकेत कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. ते हातात डायरी घेऊन उभे राहिले आणि लग्नात काय चाललंय याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. फोटोग्राफरच्या सगळ्या फोटोंत ते एका कोपऱ्यात आहेत, पाठमोरे.

बुफेत एक धोका असतो. माणसं जिलबी घ्यायला पुन्हा येतात, तेव्हा आधीचं ताट ठेवून नवं उचलतात. काकांनी असा एक माणूस पकडला. धिप्पाड, फेटा बांधलेला. काका अदबीनं म्हणाले, “एकाच ताटात झालं असतं, नाही का?” तो माणूस थबकला. नवं ताट थप्पीवर परत ठेवलं, आणि न बोलता बाहेर जाऊन एसटीत बसला.

तो आप्पांच्या सगळ्यात धाकट्या बहिणीचा नवरा निघाला. म्हणजे जावई, आणि तेही चूलबंद.

मग काय झालं ते सांगत बसत नाही. बाबा गेले, आप्पा गेले, दोन्हीकडचे व्यवस्थापक छापील नावाला जागून गेले. पाऊण तासानं पाहुणे उतरले ते काकांचा हात धरूनच. दोघंही बँकेच्या परीक्षेला एकाच वर्षी बसले होते, एक पास झाला, एक नापास, एवढं त्या एसटीत निष्पन्न झालं. त्यांना खास टॉवेल-टोपी दिली. काकांनाही दिली. त्यानंतर ताटमोजणी दोघांनी मिळून केली, आणि आचाऱ्याच्या आकड्यापेक्षा त्यांचा आकडा जास्त भरला. आचाऱ्यानं काकांचा आकडा तत्काळ मान्य केला.

पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलं होतं. ते कुणी मनावर घेत नाही. लोक पाकीट हातात कोंबून म्हणतात, “हा आहेर नाही, आशीर्वाद आहे.” आशीर्वादांची रात्री आईनं नाववार यादी केली. तिची एक जुनी वही आहे, 1989 सालची, तिच्या स्वतःच्या लग्नाची. त्यात कुणी दिलेला स्टीलचा डबा, कुणाचं भिंतीवरचं घड्याळ, कुणाचे 51 रुपये, आणि पानोपानी लेमन सेट. आमची यादी तिनं त्याच वहीत पुढच्या कोऱ्या पानापासून सुरू केली.

परवा एक पत्रिका आली, बाबांच्या जुन्या शेजाऱ्यांच्या नातीची. आईनं वही काढली. 1989 ला त्यांचा लेमन सेट, आमच्या लग्नात 501 आणि शाल. त्यानं लगेच लॅपटॉप उघडला. लेमन सेटची तेव्हाची किंमत धरून, दरसाल महागाई मिळवून आजचा आकडा काढून देतो म्हणाला.

“काही नको,” आई म्हणाली. “लेमन सेटचं मी त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नातच फेडलंय, पाण्याचा पिंप देऊन. तू 1001 चं पाकीट कर. आणि ऐक, लग्न बुधवारी ठेवलंय त्यांनी. रजा टाकून ठेव.”